समोर संक्रमण शिबीर असलेल्या गल्लीत घर घ्यावे का? (गोरेगाव पूर्व, दिंडोशी)

दहिसरकर (प्रश्न)

गेली अकरा वर्षे आम्ही दहिसरला भाड्याच्या घरात राहत आहोत आणि दर अकरा महिन्यांनी करार वाढवताना घरमालकाच्या मनाचा अंदाज घेत बसण्याचा आता कंटाळा आला आहे. कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर चार महिन्यांत सतरा घरे पाहिली. त्यांपैकी दिंडोशीतील एका गल्लीतले घर पत्नीला आणि मला दोघांनाही आवडले. साधारण बावीस वर्षे जुनी, सात मजल्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. घर चौथ्या मजल्यावर, ५६० चौरस फुटांचे, भरपूर उजेडाचे आणि कपडे वाळत घालायला मागे जागा असलेले. मेट्रो ७ चे दिंडोशी स्थानक माझ्या चालीने बारा मिनिटांवर आहे. घरात आई (वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे) आणि यंदा पाचवीत जाणारी मुलगी असते.

मालकाने एक कोटी बावीस लाख सांगितले आहेत. एवढ्याच आकाराच्या आणि वयाच्या घराला दोन गल्ल्या सोडून एक कोटी बेचाळीसच्या खाली कोणी बोलत नाही. हा वीस लाखांचा फरक कशामुळे, असे दलालाला विचारले, तेव्हा त्याने आधी रंग उडालेल्या जिन्याकडे बोट दाखवले आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, समोर शिबीर आहे ना."

गल्लीच्या समोरच्या बाजूला म्हाडाच्या संक्रमण शिबिराच्या (धोकादायक जुन्या चाळींतील भाडेकरूंना तात्पुरते ठेवतात त्या) चार मजली इमारती आहेत, तोंडाशी झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतील तीन पुनर्वसन इमारती आहेत आणि मागच्या अंगाला प्रकल्पग्रस्तांची एक वसाहत आहे. हे ऐकल्यापासून नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढले आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे, की मुलगी मोठी होत आहे, रात्री क्लासवरून एकटी येईल, आणि पुढे घर विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक मिळणार नाही. मी स्वतः भांडुपला चाळीत वाढलो असल्यामुळे असल्या बोलण्याचा मला राग येतो. पण राग येणे वेगळे आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणे वेगळे, हेही समजते.

अशा गल्लीत जे राहिले आहेत किंवा राहत आहेत, त्यांनी कृपया सांगावे, की घर घेण्याआधी नेमके काय पाहायला हवे, कोणती काळजी खरी असते आणि कोणती केवळ ऐकीव. "वस्ती चांगली आहे" किंवा "वस्ती वाईट आहे" एवढ्यावर थांबणारी उत्तरे घरच्यांकडून भरपूर मिळाली आहेत.

खिडकीपाशी

मी नऊ वर्षे मालाड पूर्वेला झोपु योजनेच्या विक्रीच्या इमारतीत राहते. पुनर्वसनाची इमारत आमच्याच भूखंडावर आहे, मध्ये एक भिंत आणि दोघांसाठी एकच वाट. तेव्हा जे लिहीत आहे ते नऊ वर्षांच्या अनुभवातून.

आधी गर्दीबद्दल, कारण पहिल्या भेटीत डोळ्यात भरते ती गर्दी आणि लोक तिचा संबंध तिथल्या माणसांच्या स्वभावाशी जोडतात. या योजनेत दर हेक्टरी किमान किती घरे बसवायची हे नियमातच ठरलेले असते. पूर्वी हा आकडा ५०० होता, तो पुढे ६५० झाला. विकासक पुनर्वसनाची घरे फुकट बांधून देतो आणि उरलेल्या जागेवर विक्रीची घरे बांधून खर्च वसूल करतो, त्यामुळे पुनर्वसनाची इमारत जितकी दाटीने उभी राहील तितका त्याचा फायदा. मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना ओळीने दारे, एका मजल्यावर दहा-बारा कुटुंबे, आणि खाली वाहने लावायला जवळजवळ जागा नाही, अशी रचना झाल्यावर माणसे आणि वाहने रस्त्यावर येणारच. तिथे राहायला न्यायाधीश आणले तरी त्यांच्या गाड्या रस्त्यावरच लागतील.

म्हणून तुम्ही दुपारी घर पाहिले असेल तर ते पाहणे धरू नका. रात्री साडेदहानंतर जा. रिक्षा, टेंपो, दुचाक्या लागून झाल्यावर गल्लीची मोकळी रुंदी किती उरते ते पावलांनी मोजा आणि त्यातून अग्निशमन दलाची गाडी आत येईल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगाव पश्चिमेला एका पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागून अनेकांचा जीव गेला, तेव्हा आग तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या आणि साठवलेले कापड यांच्यामधून वर चढली होती. गल्लीतील कोणत्या इमारतीच्या खाली असे सामान साठवले जाते, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. आईंच्या वयाचा विचार करता रुग्णवाहिका दारापर्यंत येते की नाही, हा तर तुमचा पहिलाच प्रश्न असायला हवा.

आवाजाविषयी मी गोड बोलणार नाही. गणपती, नवरात्र, चौदा एप्रिल हे दिवस आधीपासून ठाऊक असतात आणि आपणही त्यांत असतो, त्यामुळे त्यांचा त्रास वाटत नाही. त्रास होतो तो एप्रिल-मे महिन्यांतील हळदीच्या बेंजोचा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे सगळे मला आता तोंडपाठ झाले आहे; पण हळदीच्या मांडवात जाऊन ते म्हणून दाखवण्याचा उपयोग नसतो. आमच्याकडे एक साधा उपाय चालला. दोन्ही इमारतींच्या पदाधिकाऱ्यांनी बसून ठरवले, की साडेदहाला वाद्य थांबेल आणि त्या बदल्यात मांडवासाठी विक्रीच्या इमारतीपुढची मोकळी जागा वापरता येईल. पाचपैकी चार वेळा ते पाळले जाते. घर पाहताना मुलीची अभ्यासाची खोली शिबिराच्या बाजूला येते की मागे, तेवढे बघून ठेवा.

आता क्लासवरून परतणाऱ्या मुलीबद्दल. माझी मुलगी बारावीत आहे आणि रात्री साडेनऊला येते. तिला भीती वाटते ती पुनर्वसनाच्या इमारतीपुढून येताना नाही, तर त्याच्या अलीकडच्या टप्प्यात, जिथे एका मोठ्या संकुलाची उंच कुंपणभिंत दोन-तीनशे पावले चालते, एकही दुकान नाही आणि दिवे झाडांत लपलेले आहेत. आमच्या गल्लीत शिरल्यावर इस्त्रीवाले, पिठाची गिरणी, वडापावची गाडी आणि पायरीवर बसलेल्या चार बायका असतात, आणि त्यांतली एक तरी "आज उशीर झाला गं" म्हणतेच. मुलीला या प्रश्नाचा कंटाळा येतो. मला येत नाही.

गिरगावातून आलेला

प्रश्नकर्त्यांनी समोरच्या वस्तीचे तीन भाग नीट वेगळे सांगितले याबद्दल त्यांचे आभार, कारण बाहेरून पाहणारे सगळ्याला "झोपडपट्टीवाले" असे एकच नाव देऊन मोकळे होतात. मी संक्रमण शिबिरात वाढलो आहे. आमची गिरगावातील चाळ धोकादायक ठरली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दोन वर्षांसाठी म्हणून आम्हाला शिबिरात पाठवले आणि आम्ही तिथे एकोणीस वर्षे राहिलो. जुनी चाळ पडली, तिच्या जागी काय बांधायचे यावर भाडेकरू, मालक आणि विकासक यांच्यात वाद लागला, एक विकासक गेला, दुसरा आला, आणि दरम्यान माझे शाळा, महाविद्यालय आणि लग्न असे सगळे शिबिरातच झाले.

सांगण्याचा मुद्दा हा, की या तीन प्रकारच्या इमारतींमध्ये इमारत कोणाच्या मालकीची आणि तिची काळजी घेणारा कोण, याची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि गल्लीत जे काही चांगले-वाईट दिसते त्याचा उगम बहुतेक वेळा तिथे सापडतो.

संक्रमण शिबिरात कोणीही मालक नसतो. शिबिरे म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची असतात आणि तिथे मुख्यतः दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळींचे भाडेकरू येतात. म्हणजे शिबिरातले लोक हे लालबाग, गिरगाव, माझगावचेच लोक असतात. तुमच्या मेहुण्यांचे काका-आत्या कदाचित तिथेच राहत असतील. पण आपण उद्या जाणार आहोत असे प्रत्येकाला वाटत असल्यामुळे जिन्याचा दिवा बदलण्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही. संस्था नाही, सचिव नाही, ताळेबंद नाही. गटार तुंबले तर अर्ज मंडळाकडे जातो आणि माणूस येईपर्यंत पाणी वाहत राहते. शिवाय ज्यांची पात्रता नाही असे घुसखोरही काही खोल्यांत असतात, त्यांच्याविरुद्ध कारवाई होते, थांबते, पुन्हा होते. या येण्याजाण्यामुळे शेजारी कायम राहत नाहीत. शिबिराच्या बाजूची अस्वच्छता ही बेवारशी जागेची अस्वच्छता आहे.

झोपु योजनेच्या इमारतीत मात्र लोक त्याच जागेवर पूर्वी झोपड्यांतून राहत होते, एकमेकांना दोन पिढ्यांपासून ओळखतात, आणि घर स्वतःच्या नावावर असल्यामुळे ते सांभाळतातही. तिथल्या घराचे क्षेत्रफळ विचारले की इमारतीचे वय साधारण कळते: सुरुवातीच्या योजनांत २२५ चौरस फूट मिळत, नंतर २६९ झाले आणि अलीकडे ३००. तिथली अडचण वेगळी असते. झोपडीत असताना ज्या कुटुंबाला देखभाल खर्च नावाची गोष्ट ठाऊक नव्हती, त्याच्यावर उद्वाहनाचे (लिफ्टचे), पंपाचे, सुरक्षारक्षकाचे बिल येऊन पडते. विकासकाने दर घरामागे भरलेल्या ठेवीच्या व्याजातून हे निघावे अशी कल्पना असते. प्रत्यक्षात ते व्याज उद्वाहनाच्या दुरुस्तीलाही पुरत नाही. म्हणून तुम्ही त्या तीन इमारतींमध्ये जाऊन उद्वाहन चालू आहे का, एवढे पाहा. चालू असेल तर संस्था चालू आहे, असे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

प्रकल्पग्रस्तांची वसाहत हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रकार. रस्ता, रेल्वे, जलवाहिनी अशा निरनिराळ्या कामांसाठी उठवलेली, निरनिराळ्या भागांतली माणसे एका इमारतीत आणून ठेवलेली असतात. कामाची जागा दूर गेलेली, शेजारी अनोळखी, शाळा बदललेली. त्यात इमारती खेटून बांधल्या असतील तर आरोग्यच धोक्यात येते. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर ठेवल्यामुळे खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि तिथल्या क्षयरोगाच्या प्रमाणाशी या रचनेचा संबंध असल्याचे २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले होते. तुमच्या मागच्या अंगाची वसाहत तशी आहे असे मी म्हणत नाही. पण भर दुपारी तिच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीत उभे राहून वर पाहा. आकाश किती दिसते त्यावरून तिथल्या लोकांचे निम्मे आयुष्य समजते, आणि कचरा फटीत वरून टाकला जातो की नाही, हेही खाली पाहिल्यावर समजते.

अवांतर: दिंडोशीतच नागरी निवारा वसाहत आहे. कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्य माणसाच्या घरांसाठी मिळावी म्हणून मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी दिलेल्या लढ्यातून तिथे सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. माझी एक आत्या तिथे राहायला गेली तेव्हा "डोंगरात, बिबट्यांच्या शेजारी कसली घरे घेता" असे तिला घरच्यांनीच ऐकवले होते. आज त्याच घरच्यांना तिथे घर परवडत नाही.

सोडून आलेला

वरची दोन्ही उत्तरे मन मोठे ठेवून लिहिलेली आहेत, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. आम्ही सहा वर्षे कुर्ला पूर्वेला अशाच एका गल्लीत राहिलो आणि शेवटी घर विकून निघालो. गुन्हेगारी वगैरे काहीही नव्हते. आमच्या घरी कधी चोरी झाली नाही की कोणी वाकडा शब्द बोलले नाही. पण फाटकासमोर गाडी लावण्यावरून आठवड्यातून दोनदा होणारा वाद, पावसाळ्यात समोरच्या गटाराचे आमच्या आवारात शिरणारे पाणी, आणि तक्रार कुठे करायची हे कधीच न कळणे, या तिन्हींनी आम्ही थकलो. महापालिका म्हणे, वसाहतीच्या आतले गटार आमचे नाही. वसाहतीचे प्राधिकरण म्हणे, रस्त्याचे गटार आमचे नाही. पाणी मात्र दोघांना न विचारता येत असे.

आणखी एक गोष्ट, जी घर घेताना मला कोणी सांगितली नाही. ज्या कारणासाठी तुम्हाला घर वीस लाखांनी स्वस्त मिळत आहे, त्याच कारणासाठी विकताना तुमच्याकडूनही ते कापले जातील. आम्हाला गिऱ्हाईक मिळायला चौदा महिने लागले. तेव्हा वीस लाख वाचले असे समजू नका. तुम्ही तिथे आयुष्यभर राहणार असाल तरच ती बचत आहे.

कागदवाला

मी निवृत्त झालो असून गेली काही वर्षे गृहनिर्माण संस्थांना पुनर्विकासाच्या कागदपत्रांसाठी मदत करतो. शेजाऱ्यांबद्दल पुरेसे लिहून झाले आहे. मी तुमच्या गल्लीच्या पुढच्या पंधरा वर्षांबद्दल लिहितो, कारण आज समोर जे दिसते ते तसेच राहणार नाही. चार मजली संक्रमण शिबिराच्या जागेवर म्हाडा कधी ना कधी पुनर्विकास करणार, हे गृहीत धरून चाला. वरळीच्या बीडीडी चाळींकडे पाहा: शंभर वर्षांपूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतील कुटुंबांना टॉवरमधील ५०० चौरस फुटांची घरे देण्यास ऑगस्ट २०२५ मध्ये सुरुवात झाली, आणि पहिल्याच टप्प्यात ५५६ घरांचा ताबा दिला गेला. तुमच्या समोर असे काही सुरू झाले तर आधी चार-पाच वर्षे धूळ, खोदकामाचे हादरे आणि सिमेंटच्या गाड्या येतील, नंतर चौथ्या मजल्यावरचा तुमचा तो भरपूर उजेड कमी होईल, आणि त्यानंतर बहुधा गल्लीचा भावही वाढेल. या तिन्हींची तयारी असली पाहिजे. जवळून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचेही काम चालू आहे. राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या त्याच्या जुळ्या बोगद्यांची लांबी प्रत्येकी ४.७ किलोमीटर आहे, त्यामुळे त्या बाजूची अवजड वाहतूक लवकर संपेल अशी आशा ठेवू नये.

तेव्हा कागद पाहा. विकास आराखडा २०३४ मध्ये तुमच्या संस्थेचा भूखंड आणि समोरची जागा यांवर कोणते आरक्षण आहे, गल्लीचे रुंदीकरण प्रस्तावित आहे का आणि असल्यास रस्त्याची रेषा तुमच्या आवारातून जाते का, हे महापालिकेकडून मिळणाऱ्या अभिप्रायात स्पष्ट होते. वास्तुविशारदामार्फत तो मागवा. रस्ता अरुंद असेल तर तुमच्या स्वतःच्या इमारतीच्या भावी पुनर्विकासालाही मर्यादा पडते. बावीस वर्षांच्या इमारतीत घर घेणाऱ्याने हा विचार आजच करायला हवा.

मग स्वतःच्या संस्थेकडे वळा, कारण माझ्या पाहण्यात असे आले आहे, की लोक समोरच्या इमारतीची चौकशी करतात आणि ज्या इमारतीत राहायला जायचे तिचा एकही कागद मागत नाहीत. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर आली आहे का? नसेल तर विकासकाच्या संमतीशिवाय होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, पण तो कोणी सुरू केला आहे का? संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी व्हायला हवे. शेवटचे कधी झाले, याची प्रत मागा. रंग उडालेला जिना दलालाने उगीच दाखवला नसेल.

दिंडोशीचा भाग उताराचा आहे म्हणून एक वेगळी सूचना. जुलै २०१९ मध्ये मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत मुसळधार पावसात कोसळली आणि तिच्याखाली उतारावरची वस्ती सापडली. तुमच्या इमारतीच्या मागे किंवा प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीच्या बाजूला अशी आधारभिंत असेल, तर ती कोणाच्या मालकीची आहे, तिला फुगवटा किंवा तडे आहेत का आणि आतले पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली छिद्रे मोकळी आहेत का, हे पाहून या.

सुरक्षिततेची चिंता असलेल्या नातेवाइकांसाठी: २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. मेहुण्यांना सहा महिन्यांचे अहवाल वाचायला बसवा. वाहनचोरी आणि ऑनलाइन फसवणूक सोडून त्या गल्लीच्या नावावर किती नोंदी सापडतात ते त्यांनाच मोजू द्या.

गिरगावातून आलेला

"सोडून आलेला" यांच्या गटाराच्या अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. हद्दीचा हा वाद आम्ही आतल्या बाजूने भोगला आहे. फक्त एक भर घालतो. तक्रार एकट्या संस्थेने केली तर ती दोन कार्यालयांमध्ये फिरत राहते. आमच्याकडे एका पावसाळ्यात समोरची संस्था आणि शिबिरातले रहिवासी यांनी एकाच कागदावर सह्या केल्या, विभाग कार्यालयात एकत्र गेले, आणि संयुक्त पाहणीची तारीख घेऊनच उठले. झाकणे बदलली गेली. पण त्याआधीच्या अकरा पावसाळ्यांत हे कोणालाही सुचले नव्हते, हेही कबूल करतो.

दहिसरकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा जाऊन आलो: एकदा पहाटे पाण्याच्या वेळेला, एकदा शाळा सुटताना, दोनदा रात्री आणि एकदा आईला घेऊन.

रात्री पावणेअकराला गल्लीची मोकळी रुंदी माझ्या मोजणीने पाच पावले उरते. रुग्णवाहिका येईल, अग्निशमन दलाची मोठी गाडी वळणावर अडेल, कारण तिथे दोन टेंपो कायम उभे असतात. ते टेंपो शिबिरातल्या कोणाचे नसून आमच्याच होऊ घातलेल्या संस्थेतील एका सभासदाचे आहेत, असे चौकशीअंती कळले. पुनर्वसनाच्या तीन इमारतींपैकी दोहोंत उद्वाहन चालू आहे आणि तिसरीत "दुरुस्ती चालू" अशी पाटी आहे, जिच्यावरची शाई पुसट झाली आहे. मागच्या वसाहतीतल्या फटीत आकाश बऱ्यापैकी दिसले. कचराही दिसला. समोरच्या गटाराचे तोंड आमच्या फाटकापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला आहे, त्यामुळे कुर्ल्यासारखी वेळ येऊ नये असे वाटते.

आईने माझ्या एकाही मोजणीकडे लक्ष दिले नाही. ती पिठाच्या गिरणीबाहेरच्या बाकावर बसली आणि तासाभरात तिने पाणी सकाळी किती वाजता येते, कोणत्या मजल्यापर्यंत पंपाशिवाय चढते, गुडघ्यांसाठी कोणता डॉक्टर बरा आणि घर विकणारे गृहस्थ खरोखर का विकत आहेत, हे सगळे काढून आणले. मुलाकडे पुण्याला जात आहेत. दलालाने आम्हाला हे सांगितले नव्हते, आणि त्यांना घाई आहे हेही नव्हते.

मेहुणे अहवाल वाचत आहेत. आतापर्यंत दोन दुचाक्या आणि एक भ्रमणध्वनी एवढेच हाती लागले आहे. विकताना किंमत कापली जाईल हा मुद्दा मात्र मला पटला, म्हणून वीस लाख वाचल्याचा हिशेब मी वहीतून खोडून टाकला आहे आणि घर राहण्यासाठी परवडते का, एवढाच हिशेब नव्याने मांडला आहे. एक कोटी सोळापर्यंत आले तर परवडते.

कागदांपैकी भोगवटा प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरण दोन्ही आहेत. लेखापरीक्षण शेवटचे २०१७ मध्ये झाले असून सचिवांनी ते "करायचेच आहे" असे सांगितले. इमारतीच्या मागे आधारभिंत आहे, संस्थेच्या मालकीची. तडे नाहीत, पण पाणी निघण्यासाठी ठेवलेल्या चोवीस छिद्रांपैकी मला मोजून तेरा बुजलेली दिसली, त्यांतल्या काहींमधून पिंपळाची रोपे आली आहेत. लेखापरीक्षण आणि छिद्रांची सफाई ही दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी करून घेऊ, असा ठराव संस्थेच्या कार्यकारिणीने लेखी दिला तरच इसाराची रक्कम देईन, असे मी मालकांना काल कळवले आहे. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे.